कुटुंबाचं तिकीट

मोठ्यांना वीस डॉलर, बारापर्यंतच्या मुलांना चौदा.
म्हणजे आम्हा तिघांचे अठ्ठेचाळीस.
आणि कुटुंबाचं तिकीट पंचेचाळीस:
दोन मोठे, चारपर्यंत मुलं.
विजेच्या बिलामागे
मी ही बेरीज तीनदा केली.
कुटुंब स्वस्त पडतं, तीन डॉलरनी,
फक्त एक मोठं माणूस कमी आहे.
गेटवरच्या मुलीनं विचारलंच, दुसरा कुठाय,
तर सांगेन, आत आहे.
अठराशे पंचेचाळीसमध्ये.

जूनपासून अल्सीद तिथं पिंपं करतो.
लोकरीची विजार, लाकडी बूट,
नाव इलेर.
खाडीकाठच्या त्या गावात त्याला टेलिफोन माहीत नाही,
मोटार माहीत नाही,
मंक्टनमधली आमची दोन खोल्यांची जागा
कुठून माहीत असणार.
पात्रातून बाहेर यायचं नाही, असा नियमच आहे,
लेखी, खाली त्याची सही.
आमच्याकडे होता तेव्हा
असा कागद करायचं कुणाला सुचलं नाही.

तिथं त्याला बायकोही आहे.
तिसऱ्या घरात लोणी घुसळते.
कॉलेजची मुलगी, म्हणाला, उन्हाळ्यापुरती.
सहा मुलं, वर दोन तापात गेलेली,
हे सगळं त्याला पाठ आहे, वयांसकट.
झेलीचा वाढदिवस मात्र
मला आठवण करून द्यावी लागते.

फ्रीजवर रेमीची यादी:
डासांचं औषध. टोपी. आधी लोहाराकडे.
त्याखाली, बाबांना विचारायचे प्रश्न.
त्यातलं बहुतेक झेलीनं खोडलंय.
"हॉकीचा निकाल त्याला कसा माहीत असेल, बावळट?"
दूध हुंगावं तसा ती एकेक प्रश्न हुंगते,
आजचा वास येतोय का.
आमची आठवण येते का? खोडलं.
परत कधी येणार? इथं पेन्सिल जरा थांबली,
मग खोडलं.
तुम्हाला मुलं किती? हा चालला असता.
पण उत्तर सहा येईल, रेमी म्हणाला,
आणि कुणीच काही बोललं नाही.

मीच मग सँडविचचं काढलं. बाहेरचं खाणं
फक्त पार्किंगजवळच्या बाकांवर चालतं.
गाडीचा सायलेन्सर तारेनं बांधलाय,
नव्वद किलोमीटर टिकेल.
रात्री पाऊस, सकाळी उघडीप, असं रेडिओ सांगतो.

तेवढ्यात रेमी बाल्कनीतून
ती लाकडी बादली घेऊन आला.
अल्सीदनं पहिल्या हिवाळ्यात केलेली,
हात अजून बसला नव्हता तेव्हाची.
खालचं कडं सैल. गळायची,
म्हणून मी तिच्यात कांद्याची पात लावली होती,
तीही वाळली.
"ही दुरुस्त करून द्याल का?"
रेमीनं म्हणून दाखवलं, अहोजाहो करत,
परक्या माणसाशी बोलावं तसं.
झेलीनं हुंगून पाहिलं.
चालेल, म्हणाली.
माती उपसून आम्ही पेलाभर पाणी ओतलं:
चांगली चार ठिकाणी गळली.
मुलं खूश.

लाकूड पाणी प्यालं की फुगतं,
फटी आपोआप मिटतात.
हे त्यानंच सांगितलं होतं मला, कधीतरी.
एक रात्र भिजली तरी पुरते.

अकराला कठड्यावर थेंब वाजले.
उठले. बादली बाहेरच राहिली होती.
ओढून आत आणली,
फडक्यानं आतून-बाहेरून पुसली,
आणि अजून कोमट असलेल्या ओव्हनला
टेकवून ठेवली.