पान एकेचाळीस

दिवसभर मी हळदीच्या सौद्यात पावत्या फाडतो.
रात्री साडेनऊनंतर बारा वर्षांचा होतो.
रोज जमतंच असं नाही.
कधी अकरावरच अडकतो,
कधी होतो थेट पंचावन्नचा आणि उपदेश करू लागतो,
तो कागद मग पहाटे बंबात जातो.

पहिल्या कादंबरीतला म्हादू
हरिपूरच्या एका रिकाम्या पेवात उतरला.
अंधार. जुन्या हळदीचा नाकात चढणारा वास.
आणि आत कुणीतरी आधीच बसलेलं.
इथवर बरं जमलं होतं.
पुढं तीन वर्षं पोरगं त्या पेवातच राहिलं,
कारण आत कोण बसलंय
ते मलाच ठाऊक नव्हतं.
बायको भाकरी वाढताना विचारायची,
"आलं का वर?"

पुण्याहून प्रकाशकांचं पत्र आलं :
पेव म्हणजे काय ते मुलांना कळणार नाही, विहीर करा.
आणि कृपया कुत्रं मारू नका.
विहीर मी केली नाही.
कुत्रं जगवलं.
ते सात पानं नुसतं शेपूट हलवत राहिलं,
त्याला गोष्टीत दुसरं कामच उरलं नव्हतं.
मग पुन्हा मारलं,
आणि दारातलंच गेल्यासारखा
रात्रभर जागा राहिलो.

पाचशे प्रती निघाल्या.
तीनशे दहा गावभागातल्या खोलीत, पुराच्या पाण्यात.
फुगून पावासारख्या झालेल्या.
दोरीवर पानं वाळत घातली तेव्हा
शेजारचा बाळगोंडा म्हणाला,
"मास्तर न्हाईस, मग एवढे पेपर तपासायला दिले कुणी?"

नंतर दोन वर्षं काही लिहिलं नाही.
कुणी विचारलंही नाही.

मग कवलापूरच्या शाळेनं बोलावलं.
नारळ, गुलाबाचं एक फूल, सतरंजीवर सातवीचा वर्ग.
शेवटच्या रांगेतला एक झोपलेला.
एकानं हात वर केला : "किती मिळत्यात?"
मी खरा आकडा सांगितला.
तो जरा विचारात पडला.
"आमच्या भडंगाच्या गाड्यावर
एवढं रविवारी सुटतंय."

मग तस्नीम मुजावर उभी राहिली.
पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर,
कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले.
"गोष्ट आवडली. पान एकेचाळीस गाळलं."

पान एकेचाळीस.
वारणा कृष्णेत शिरते तिथलं,
थोडं अंतर दोन रंग शेजारी शेजारी चालतात,
एकमेकांना ओळख न देता,
मग कुठं मिसळतात ते कुणाला दाखवता येत नाही.
वीस वेळा लिहिलेलं पान.
माझ्या मते
मी लेखक आहे तो तेवढ्या पानापुरताच.

"का गं?"
"म्हादू तिथं खाली अंधारात एकटाच हाय,
आन् तुम्ही वर नदी बघत बसलाय."

वर्ग हसला. झोपलेलाही उठून हसला,
कशाला ते न कळता.
मी रुमाल काढला, घाम नसताना पुसला.
"आणि कुत्रं मेलं ते?"
"ते दोनदा वाचलं.
एकदा रडू आलं म्हणून,
एकदा खरंच मेलंय का बघायला."

एसटीत बुधगावपर्यंत मी तिच्यावर चिडलेला होतो.
माधवनगरला मांडीवरचा नारळ घरंगळला,
समोरच्या बाईंनी पायानं अडवला,
आणि राग कुठं उतरला कळलं नाही.

रात्री नवी वही काढली.
हिच्यात एक मुलगी आहे,
दोन पानं झाली, अजून घाटावरच उभी.
मावळतीवर मी आडवी रेघ मारली.
तिच्या हातात बॅटरी दिली,
सेल अर्धे संपलेले,
आणि म्हटलं, जा, मी येतो मागून.

अकरा वाजता, घर निजल्यावर,
कपाटातली पाण्याचा डाग पडलेली प्रत काढून
पान एकेचाळीस परत वाचलं.

चांगलं आहे हो.
खरंच चांगलं आहे.