उतार

आमच्या गॅरेजच्या जमिनीला उतार आहे,
फुटाला पाव इंच, दाराकडे.
गाडीखाली वितळलेला बर्फ बाहेर वाहून जावा म्हणून
कुणा शहाण्यानं ठेवलेला.
थंडर बेमध्ये मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली,
उतार मला तळपायाला कळतो.
रेइनोला तो कधी जाणवला नाही.
त्याची सगळी हत्यारं भिंतीवर,
आणि भिंतीला कसला आलाय उतार.

करवत, गुण्या, कानशी, दोन रंधे,
पटाश्या उतरत्या भाजणीनं,
प्रत्येकाभोवती काळ्या रंगाची रेघ.
जागेवर नाही ते हरवलं, असा त्याचा कायदा.
एकदा मी पक्कड नेली स्वयंपाकघरात
तर तिच्या रिकाम्या आकृतीत त्यानं चिठ्ठी डकवली:
उसनी. आउनेकडे. मंगळवार.

जानेवारीत त्याची उजवी बाजू गेली.
आता तो दारापाशी हीटरजवळ स्टुलावर बसतो
आणि भिंतीकडे बघतो.
मध्ये गाडी.
नोव्हेंबर ते एप्रिल ती आतच, उणे तीसमध्ये
बाहेर ठेवली तर सकाळी बोलत नाही.
गाडी आणि भिंत यांच्यामध्ये
उरते ती सतरा इंचांची गल्ली.

म्हणून पंधरा इंचांची गाडी केली मी, हत्यारांची.
बर्चचं प्लायवुड, पाच खण, वर उघडा ट्रे.
चाकं डेल्बर्ट वाबूझनं दिली,
बंद पडलेल्या बेकरीच्या रॅकची,
तेल घालताना आसातून पीठ निघालं,
जुनं, करडं, तरी पीठच.
खणांना मूठ नाही, नुसती गोल भोकं,
डाव्या हाताचं बोट अडकेल एवढी.
हे मी मोजून केलं.

आरसा मात्र मोजला नाही.
सत्तावीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं,
मला आरशात दिसाल तिथं उभे राहा रे,
आणि स्वतःच्याच गाडीचा आरसा विसरले.
पहिल्याच फेरीला कपाट त्याला जाऊन अडलं.
रेइनो हसला. अर्ध्या तोंडानं,
पण हसला, पाजी.
वरच्या ट्रेचा कोपरा कापावा लागला,
अजून दिसतो,
कुणी बिस्किटाचा तुकडा मोडल्यासारखा.

मग रात्री मी ब्रेक लावायला विसरले.
दोनला धाडकन आवाज.
खाली येऊन पाहते तर कपाट दाराला नाक लावून उभं,
बाहेर जायचंय म्हणणाऱ्या कुत्र्यासारखं.
रेइनोला सकाळी सांगितलं.
तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला.
नंतर म्हणाला (आता त्याचे शब्द
एकेक करून उतरतात, म्हाताऱ्या प्रवाशांसारखे),
वर ने. सोड.

नेलं. सोडलं.
आलं हळूहळू आपलं आपण,
खणांत पटाश्या किणकिणत,
आणि त्यानं डाव्या पायानं अडवलं.
परत ने, म्हणाला.
त्या दुपारी अकरा वेळा नेलं मी.
कंबर धरली, पण ते असो.

भिंत आता रिकामी आहे.
नुसत्या रेघा,
रंधा नसलेला रंधा, करवत नसलेली करवत.
पुसायला हवी होती, पण मी टर्पेंटाइन आणलं नाही
आणि त्यानंही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली.
झाडू मारताना सहज एकेक खण ओढून पाहिला.
प्रत्येकात मार्करच्या रेघा,
डाव्या हाताच्या, थरथरत्या.
हातोडी बदकासारखी.
गुण्या कुठल्याच कोनात बसेना.
सगळ्यात खालच्या खणात, जो मी रिकामाच ठेवला होता,
एक हात.
उजवा. पाच बोटं, मनगटापर्यंत,
करंगळी तुटक, पेन घसरलेलं.
आणि मध्ये चिठ्ठी:
उसना.
कुणाकडे ते लिहिलेलं नाही. वारही नाही.

मी खण लोटला.
चाकांचे ब्रेक दाबले, दोन्ही.
मग पुन्हा वाकून
एक सोडला.