झडती

पान चौसष्टवर हेरंब पुलावर उभा आहे.
अकरा पानं नुसता उभा आहे.
खाली गोदावरी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेली,
आणि तो ठरवतोय, पाणी छातीला पोचलं
तर पाकीट द्यायचं, नाही पोचलं तर आतला कागद गिळायचा.

मी लिहितो: बाह्य. पूल. संध्याकाळ.
हेरंब उभा आहे.
पुढे काय लिहू?
अकरा पानांचे पडद्यावर होतात चार सेकंद,
सिगारेट दिली तर सहा.

निर्माते फोनवर म्हणतात, नाशिक कशाला, इस्तंबूल घ्या,
पूल तिथेही आहेत.
मी म्हणतो, तिथे मारुती नाही.

कादंबरी बाहत्तर सालची, किंमत दोन रुपये.
मुखपृष्ठावर गॉगलवाला माणूस,
जो आत कुठेच गॉगल घालत नाही.
लेखक रंगनाथ दुसाने, जेल रोड, नाशिकरोड.
नोटांच्या छापखान्यात मोजणीला होते.
वारले तेव्हा पेपरात चार ओळी,
त्यात कादंबरीचा उल्लेख नव्हता.

हक्कांच्या कागदावर सही घ्यायला गेलो.
कुमुदिनीबाईंनी पेन आधी वर्तमानपत्रावर चालवून पाहिलं,
रक्कम वाचली नाही.
म्हणाल्या, चष्मा काढणार का तुम्ही?
कुणाचा?
हेरंबचा. त्याला लांबचं दिसत नाही हो.
ह्यांनाही दिसत नव्हतं.
नावातच हेर ठेवला, आणि स्वतःच हसत बसले दोन दिवस.

मग बशीत बिस्किटं मांडताना, सहज:
गेटवर रोज झडती असायची.
हात वर, खिसे उलटे,
डबा उघडा, उरलेल्या पोळीची घडीसुद्धा उलगडून दाखवा.
आत कागदाचे डोंगर,
बाहेर एक चिठोरं न्यायची सोय नाही.
हे जेवणाच्या सुट्टीत मनात लिहायचे.
एकच पान. त्याहून जास्त मावायचं नाही.
गेटवर हात वर करून उभे, ओठ हलतायत,
शिपायाला वाटायचं, रामरक्षा म्हणतायत.
घरी आले की कुणी बोलायचं नाही.
मी बादलीसुद्धा हळू ठेवायची.
चप्पल न काढता उंबऱ्यात बसून
सगळं उतरवायचे वहीत,
मग पाणी मागायचे.

एकदा वाटेत कुणीतरी गाठलं,
साखरेच्या भावावर बोलत राहिलं.
पान गेलं ते गेलं.
छापलंय त्यातही नाही. पाहा तुम्ही.

मी पाहिलं.
एकावन्नाव्या पानाच्या तळाशी हेरंब देवळालीला उतरतो,
हात धडधाकट.
बावन्नाव्याच्या डोक्यावर
त्याच हाताला पट्टी.
तीन महिने मी ती पट्टी सोडवत होतो.
शेवटी मारामारी घातली होती, मालगाडीच्या टपावर,
निर्मात्यांना फार आवडली होती.

परतताना बस द्वारकेला अडकली.
मी मनात एक ओळ धरून पाहिली, ओठ हलवून.
शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.
पुढच्या सिग्नलपर्यंत निम्मी ओळ गेली होती,
आणि ती तर एकच ओळ होती.

रात्री नवा प्रसंग लिहिला:
बाह्य. छापखान्याचं गेट. साडेपाच.
चष्मा लावलेला एक माणूस हात वर करून उभा आहे.
शिपाई खिसे तपासतो. डबा हुंगतो.
काही सापडत नाही.
माणूस बाहेर पडतो,
कुणाशी न बोलता चालू लागतो.

निर्मात्यांनी विचारलं, ह्यात थरार कुठाय?
मी म्हटलं, जरा थांबा,
आत्ता साखरेचा भाव काढू नका.
त्यांना वाटलं, फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे.

पट्टीचा हात तसाच ठेवलाय, कारण न देता.
मालगाडी काढून टाकली.