सकाळी आठचं रीडिंग

रामटेकच्या पुढे डोंगराला टेकून जो तलाव आहे
त्याच्या पाळीला चौसष्ट पायऱ्या.
अकरा वर्षं मी त्या उतरतो,
पट्टीपाशी उकिडवा बसतो
आणि पाण्याला विचारतो, आज किती?

पाणी सरळ सांगत नाही.
मन्नू जयस्वालच्या पेडलबोटी साडेसातलाच सुटतात,
नागपूरहून आलेली जोडपी, हंसाच्या मानेआड सेल्फी,
आणि त्यांची लाट पट्टीवर चार बोटं चढते,
मग चार बोटं उतरते.
साहेबांनी शिकवलं होतं :
वरचा बघ, खालचा बघ, मधला लिही.
मी मधला लिहितो.
त्या मधल्या आकड्यावर पाणी थांबलेलं
मी एकदाही पाहिलेलं नाही.

धान पोटरीत आला की
या आकड्याला फोन येऊ लागतात.
पहिला टेलच्या धनपाल हटवारचा :
"गेट कवा खोलता जी? बांधीत भेगा पडून राहिल्या.
आठ दिवस गेले का लोंबी पोचट."
फुलवंता मेश्राम फोन करत नाही.
ढिवर सोसायटीची सचिव, येऊन पायरीवर बसते.
"बोटुकली सोडून दोन महिने नाही झाले, भाऊ.
खाली आठ फूट तरी राहू द्या.
नाहीतर उन्हाळ्यात बगळेच सोसायटी चालवतील."
मन्नूचं मागणं लहान : दिवाळीच्या सुट्ट्या संपेपर्यंत
धक्क्याला पाणी लागलेलं असावं.
"हंस चिखलात बरा दिसतो का?"

बैठकीत साहेबांनी मला उभं केलं.
एक फुटात किती पाणी?
मी म्हणालो, कोणता फूट त्यावर आहे.
तलाव वाटीसारखा, वर पसरट, खाली निमुळता.
वरच्या फुटात टेलपर्यंत एक पाळी निघते,
खालचा फूट म्हणजे बुडाशी राहिलेली आमटी.
सगळ्यांनी माना डोलावल्या,
आणि पुन्हा तेच विचारलं : पण एक फुटात किती?

ठरलं ते असं : अकरा दिवस गेट, मग बघू.
कालव्याच्या तोंडाला जाळी, म्हणजे मासोळी वाहून जाणार नाही.
जाळीचे पैसे कोणी द्यायचे
यावर चहा दोनदा आला.

जाळी आली नाही.
मी चाकाला ग्रीस लावलं, बेचाळीस आटे फिरवले.
पाणी आधी खाकरलं, मग निघालं.

पाचव्या दिवशी धनपालचा पोरगा सायकलवर आला.
हँडलला कापलेली तेलाची कॅन, आत गढूळ पाणी,
पाण्यात बोटाएवढ्या कतल्या.
"बाबानं धाडल्या. बांधीत घुसल्या होत्या.
काही आम्ही खाल्ल्या जी," एवढं खरं सांगून
तो कॅन रिकामी व्हायची वाट बघत राहिला. कॅन घरची होती.

फुलवंताने मोजल्या.
दोन लाखांत काय मोजायचं, पण मोजल्या. चौतीस.
ओंजळीने एकेक सोडली.
एक उलटी झाली. तिला बोटाने सरळ केलं,
ती पुन्हा उलटी झाली.
"बावीस वर्षांत," ती म्हणाली, "बांधीतून मासोळी वापस आलेली
म्या पाह्यली नव्हती. लिही तुझ्या वहीत."

हंस आता दोन पायऱ्या खाली गेलेत.
मन्नूने धक्क्यापासून फळी टाकली आहे,
उतरताना लोक एकमेकांचा हात धरतात
आणि त्याचेही फोटो काढतात.
टेलला पाणी पोचलं, शेवटच्या दोन बांध्या सोडून.

माझ्या वहीत रकाने पाच :
तारीख, वेळ, पातळी, गेट, शेरा.
शेऱ्यात मी अकरा वर्षं "निरंक" लिहीत आलो.
त्या दिवशी पेन्सिलीने लिहिलं :
आवक, तेहतीस.
एकक लिहिलेलं नाही.