'ना'चं पान

वाळवी 'अ'कडून निघाली, 'ध'पर्यंत आली,
दुसरी 'ह'कडून उलटी,
आणि मध्ये कुठंतरी दोघींचं पोट भरलं असावं.
लाल खारव्याच्या त्या रोजमेळातलं
'ना'चं एकच पान माझ्या वाट्याला आलं.

दोंडाईचा, स्टेशन रोड, गाळा नंबर सात,
बावीस्कर रेडिओज.
बाजारात मिरची उतरली की गिऱ्हाईक शिंकत शिंकत आत यायचं
आणि हिलाल नाना डागकामाचा धूर तोंडावर घेत
मान वर न करता विचारायचे,
"सेल बदली देखा का?"

रात्री शटर अर्धं ओढून,
टाकीपासून बाभळीपर्यंत ताणलेल्या तांब्याच्या तारेवर
ते जपान पकडायचे.
मासा पकडतात तसं नव्हे.
ताप चढलेल्या पोराचा हात पकडतात तसं,
सुटायचा, पुन्हा धरायचे.

एक शब्द कळत नव्हता.
तरी प्रत्येक गाण्याआधी निवेदिका जे म्हणे
ते गाण्याचं नाव, असं गृहीत धरून
कानावर पडलं तसं देवनागरीत उतरवलेलं,
बाराखडीनं लावलेलं, आणि समोर शेरा.
शेऱ्याशिवाय नोंद म्हणजे दुकानदाराला उधारी वाटते.

'नामि'समोर: बाईला पडसं झालंय.
'नाशी': नाशिककडचं?
'नाका': कोणता नाका ते सांगितलं नाही.
'नात्सु' तीनदा आलं, आवडतं दिसतं त्यांना.
'नाए': नाही म्हणतेय, पण गोड.

आणि सगळ्यांच्या वर, लाल शाईत,
एकोणीस तारखांसकट:
'नाना'.
तिथं शेरा नाही.

काकू सांगायची, त्या रात्री उशिरा घरात आले,
कळण्याची भाकर गार होऊन वाकलेली,
म्हणाले, "मना नावनं गाणं शे तठे."
काकू म्हणाली, "मंग? पैसा देतस का त्या?"

मी पुण्यात दोन वर्षं ती भाषा शिकले.
दुसऱ्याच आठवड्यात आकडे,
इची, नि, सान, बोटं मोडत मोडत पुढं,
आणि सातावर बाई म्हणाल्या, नाना.
माझं पेन वहीवरच राहिलं.

लहर सांगत असणार ती निवेदिका,
किलोहर्ट्झचा लांबलचक आकडा, मध्ये कुठंतरी सात,
रोज, न चुकता, गाण्याच्या आधी.
एकोणीस रात्री एका माणसानं
एका आकड्याला ओ दिली होती.

बाकीचंही सुटत गेलं.
नामि म्हणजे लाट, अमरावती नदीला कधी न आलेली.
नात्सु उन्हाळा; तो आमच्याकडून शिकून गेले असते.
नाका म्हणजे आत. नाए म्हणजे रोप.
नाशी एक फळ, किंवा नुसतं 'विना'.
एकटा शब्द आहे, ठरवता येत नाही, बाई म्हणाल्या,
मागंपुढं काही ऐकू आलं होतं का?
आलं होतं. मागंपुढं सुरतेची पॅसेंजर होती.

आणि हे आपण चा, ची, चं लावतो ना,
तिथं तिकडं 'नो' लावतात.
नानांच्या अहिराणीत 'ना'. मना, तुना, दुकानना.
एवढंच सांगायचं ठरवून मी शिरपूरला गेले,
जिथं ते आता लेकीकडे असतात,
कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवतात
आणि दर तासाला तपासतात, आहे का.

पण पान त्यांच्या मांडीवर ठेवलं
आणि माझ्या तोंडून सातच निघालं.
पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं: "सात, नाना. आकडा आहे तो."

खिशातलं यंत्र त्यांनी कानात बसवलं.
लाल शाईवरनं बोट खालून वर नेलं.
"सात?" म्हणाले. "मंग बरोबर शे.
गाळाना नंबर बी सांगे ती."

मी काही बोलले नाही.
बोट एक ओळ खाली सरकलं, 'नामि'वर थांबलं.
"आनि त्या बाईनं पडसं?
गयं का?"