अठ्ठाविसावा दिवस

परळीत आमच्या गच्चीवरचं धुणं
दोनदा झटकावं लागायचं,
एकदा काढताना, एकदा घालताना.
कुरडया करड्या व्हायच्या.
पाव्हणे विचारायचे, बाजरीच्या का?
आई म्हणायची, हो.

तीच राख आता बल्करनं येते
इलियासभाईच्या शेडमध्ये.
शंभरातलं तीस सिमेंट काढायचं,
तिथं ही घालायची,
कच, पाणी बेतानं.
टेबल थरथरतं,
त्याच्याबरोबर आमच्या बांगड्या.

सातव्या दिवशी इंजिनियरनं ठोकळा दाबला.
फुटला.
"कच्चा," म्हणाला. वहीत लाल रेघ.
सरूबाई गोणपाटावर पाणी मारत होती,
मान वर न करता बोलली,
"राख हाय ती, साहेब.
सावकाश धरती.
अजून तीन आठवडे तिला इचारू नका."

अठ्ठाविसाव्या दिवशी
काटा लाल रेघेच्या जागेवर आला,
थांबला नाही.
इलियासभाई चहा सांगायला धावले.
सरूबाई पाणीच मारत होती.

परवा शाळेपुढं बसवले ते ठोकळे.
पोरं लंगडी घालत होती.
मी चप्पल काढून
भर उन्हात चार पावलं चालले,
चटका बसला,
मग तळवा उलटून पाहिला.

काहीच लागलं नव्हतं.