खड्डा, सव्वातीन फूट

बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने जानेवारीत ठोकर दिली
तेव्हापासून ती कलंडलेली होती,
टायरच्या दुकानाकडे कान लावून.
ओतीव लोखंडाची पाटी, दोन्ही अंगांना तोच मजकूर:
अठराशे बासष्टच्या सप्टेंबरात या टेकडीवर
तोफांचा मोर्चा होता.
शहराच्या रक्षणासाठी खंदक खणले गेले, इथून नदीपर्यंत.
शत्रू आला, पाहून परत गेला.

एप्रिलात ते काम माझ्या टेबलावर आलं.
ओहायोच्या दक्षिण काठावरची छोटी नगरपालिका, रस्ते विभाग:
खांब एक, सिमेंट दोन पोती, खड्डा अडीच फूट.
हाताखालचा पोरगा आजारी होता. म्हटलं, मीच जातो,
खड्डा तर खणायचाय.

मोर्चा हा शब्द मला ठाऊक होता तो झेंड्यांसकट,
साखर कारखान्याच्या फाटकापासून
तहसील कचेरीपर्यंत चालणारा.
त्याआधी तो चालत नसे,
मातीत रुतून बसे तोफेचं तोंड पुढे करून,
हे केंटकीत येऊन लक्षात आलं.
शब्दांचंही बूड कधीतरी सुटतं.

आठ वाजता ओडेसा प्रुइट आल्या.
टपालखात्यातून निवृत्त, गुडघ्याला पट्टा,
काखेत घडीची खुर्ची,
पुलापलीकडून दोन बस बदलून.
आज काम आहे हे कुणी सांगितलं, मी विचारलं.
'दर सोमवारी फोन करते तुमच्या कचेरीत.
जानेवारीपासून.'
म्हणजे आमचे लोक जिला 'पाटीवाली' म्हणून हसतात
ती ही.

त्या खुर्ची मांडून बसल्या. मी फावडं मारलं.
वर भुसभुशीत, खाली पिवळी चिकण माती,
धरलेलं पातं सोडेना.

त्यांच्या पणजोबांच्या वडिलांना
पोलिसांनी भरल्या ताटावरून उठवलं, पलीकडच्या काठावर.
कुणाच्या मालकीचे नव्हते ते, मोकळे होते,
पण काळे होते.
संगिनी मागे, होड्यांचा पूल पुढे,
आणि इथे आल्यावर हातात कुदळ.

आमच्याकडे याला शब्द आहे, मी म्हटलं. वेठ.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. ठ जमेना.
'वेट', म्हणाल्या,
आणि मग स्वतःशीच, की इंग्रजीत याचे दोन होतात,
वजन, आणि वाट पाहणं.
दोन्ही चालतील.

'खंदक खणले गेले.'
कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो
हे सातवीत बेंद्रे बाईंनी शिकवलं होतं.
लोखंडात ओतलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

दीड फुटावर एक बाटलीचं बूच,
विटेचा तुकडा, गॅसच्या जुन्या नळीचा गंज.
अडीच फूट झाले. टेप लावून दाखवला.
'अजून,' ओडेसा म्हणाल्या.
नियमात अडीचच आहे, मी म्हटलं.
'त्यांना गळ्यापर्यंत खणायला लावलं होतं.
उभ्या माणसाच्या गळ्यापर्यंत.'
मी आणखी एक वीत खणलं.
गळा लांबच राहिला.

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी फोड आला.
पंधरा वर्षं खुर्चीत बसलेला हात.
त्यांनी तो उलटा करून पाहिला,
पत्र याच घरचं आहे ना
हे जसं पाकीट डोळ्यांजवळ धरून बघतात.
मग सोडून दिला.

पाटी उभी केली, ओळंबा लावला,
सिमेंट ओढून घेईपर्यंत दोघांनी खांब धरून ठेवला.
टायरवाला बाहेर येऊन म्हणाला, डावीकडे झुकतेय.
झुकत नव्हती.
मजकूर तोच राहिला. तो बदलायचा अर्ज
राजधानीतल्या दुसऱ्या खात्याकडे जातो;
ओडेसांचे चार गेलेत.

संध्याकाळी नोंदवही भरली.
तिथे 'खड्डा खणण्यात आला' असं लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं: मी खणला.
खोली सव्वातीन फूट.
जादा खोलीचं कारण, या रकान्यात
अर्ध्या ओळीचीच जागा होती.